बुवांच्या वाटेवरच्या सायकली

आमच्या खोलीपासून राममंदिरापर्यंत सातशे वीस पावलं होतात. ही माझी पावलं झाली. गंगाधरबुवा निमसोडकरांची धरली तर हजाराच्या वर जातील, कारण त्या साली, म्हणजे सदुसष्टच्या चैत्रात, बुवांचं वय चौऱ्याहत्तर होतं, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून झाला होता, आणि मागच्या कार्तिकात एका देवळाच्या पायरीवरून घसरून त्यांचा खुबा दुखावला होता. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की आता पुन्हा पडलात तर उभं राहणं विसरा. आणि कीर्तन बसून होत नाही. बसून प्रवचन होतं, भजन होतं, तक्रार होते. कीर्तनाला माणूस उभाच लागतो.

अशा माणसाला मी रामनवमीच्या उत्सवासाठी बोईसरला नऊ दिवस बोलावलं होतं, स्वतःच्या भरवशावर. मंदिराची मंडळी तीन वर्षं नाही म्हणत होती. "चिंतोपंत, म्हाताऱ्या माणसाला काही झालं तर?" असं विचारत होती. मी रामाच्या पायावर हात ठेवून सांगितलं, बुवांच्या केसालाही धक्का लागणार नाही. बुवांना केस नव्हते, पण शब्द दिला तो दिला.

त्यात बुवांचा नेम असा, की नवरात्राचे नऊ दिवस पायात काही घालायचं नाही, कोणत्याही वाहनात बसायचं नाही, आणि सकाळी सातच्या आत चालत जाऊन रामाचं दर्शन घ्यायचं. म्हणून सातशे वीस पावलांचा हिशेब.

वाट तशी चांगली होती. तारापूरला विजेच्या कारखान्याचं काम निघाल्यापासून स्टेशनपासून येणारा रस्ता रुंद झाला होता, आणि एका बाजूच्या गटारावर काळ्या फरशा घालून ठेकेदाराने चक्क फूटपाथ केला होता. आमच्याकडे याआधी फूटपाथ नव्हता, त्यामुळे तो कशासाठी असतो याबद्दल प्रत्येकाचं वेगळं मत होतं. कोणी त्यावर मिरच्या वाळवत असे, शेळ्या त्यावर दुपारची झोप काढत, आणि आमचे शेजारी खंडेराव, पोलिसातले निवृत्त हवालदार, संध्याकाळी त्यावर खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याची मनातल्या मनात झडती घेत. मी स्वतः ठेकेदाराच्या सिमेंटच्या गोदामात कारकून, पहाटेच कामावर जाणारा. सकाळी पावणेसातला फूटपाथवर काय चालतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

बुवा येण्याच्या चार दिवस आधी मी रजा सुरू केली आणि पहिल्याच सकाळी अनवाणी, घड्याळ हातात धरून, बुवांच्या चालीने चालून पाहायला निघालो. तीनशे अकराव्या पावलाला मागून कोणीतरी माझ्या पोटऱ्यांत घुसलं. मी मिरच्यांवर पडलो.

वळून पाहिलं तर बारा वर्षांचा एक मुलगा मोठ्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून उभा होता. मागे कॅरियरवर त्याची छोटी बहीण, दप्तर पोटाशी धरून. त्यांच्या मागे आणखी दहा सायकली, सगळ्या थांबलेल्या, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव: हे काका मध्ये का चालतायत.

"काका, लागलं का?" मुलाने विचारलं.

"ब्रेक नाही तुझ्या सायकलला?"

"पुढचा नाही. मागचा दाबला की साखळी पडते. म्हणून दाबत नाही."

"मग थांबतोस कसा?"

"असाच," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

चौकशीत कळलं ते असं. नाक्यापलीकडच्या चाळीत नगर, बीड, साताऱ्याकडून आलेली कामगार मंडळी राहत. रात्रपाळीचे बाप साडेसहाला सायकलवर घरी यायचे, खाली उतरायचे, आणि त्याच गरम सीटवर पोरं चढायची. चैत्रात सकाळची शाळा, ती स्टेशनजवळ, आणि सातला घंटा. पंधरा मिनिटांत पाऊण मैल गाठायचा. हा मुलगा बन्सी, साइटवर अवजड यंत्रं दोरखंडाने वर चढवणाऱ्या रिगर चंद्रभानचा. बहीण तानी, पहिलीत.

मी घरी येऊन डोळे धुतले. बुवांचं चित्र डोळ्यांपुढून हलेना. मला मिरच्या लागल्या होत्या. त्यांचा खुबा जाणार होता.

शेजारी जमलेच. खंडेरावांनी सल्ला दिला की काटेरी तार लावा. समोरच्या सोजराबाई म्हणाल्या, "तार नको, बुवांच्याच पायात रुतायची. त्यापेक्षा बुवांना खुर्चीत बसवून चौघांनी उचला." खुर्ची हे वाहन होतं की नाही यावर अर्धा तास चर्चा झाली. खंडेरावांचं म्हणणं, चाक नसेल ते वाहन नाही. सोजराबाईंचं म्हणणं, मग पालखी काय आहे. आमच्या घरातून चहाचे सात कप बाहेर गेले आणि निर्णय एकही आत आला नाही. आमची मंडळी, म्हणजे जमना, एवढंच म्हणाली, "त्या मुलांना जाऊन सांगा ना, नऊ दिवस जरा जपून जा म्हणून." इतकी सोपी गोष्ट मला पटणं शक्यच नव्हतं. मी अर्ज लिहायला बसलो.

ग्रामपंचायतीतल्या कारकुनांनी अर्ज दोनदा वाचला. "फूटपाथ ठेकेदाराने बांधला. अजून आमच्या ताब्यात दिलेला नाही. त्यामुळे तुम्हाला जिथे धक्का लागला ती जागा आमच्या दृष्टीने अस्तित्वात नाही."

"मग मी पडलो कुठे?"

"गटारावर. गटार आमचं आहे. पण गटारात सायकल चालवल्याची तक्रार तुम्ही केलेली नाही."

त्यांनी आणखी सांगितलं की सायकलवाल्यावर तक्रार करायची तर सायकलीवरच्या कराच्या बिल्ल्याचा नंबर द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन उभा राहिलो. अकरा सायकली माझ्यासमोरून गेल्या. सात सायकलींना बिल्ले होते, त्यातले चार जामखेडचे, दोन पाटोद्याचे आणि एक इतका गंजलेला की तो कुठल्या गावचा हे त्या गावालाही सांगता आलं नसतं. कारकून म्हणाले, "जामखेडला लिहा."

मग मी गाडीने पालघरला गेलो. तिथल्या एका कचेरीत मला दोन तास बाकावर बसवून सांगण्यात आलं की रस्ता त्यांचा आहे, पण फूटपाथ रस्त्यापेक्षा एक फूट उंच असल्याने तो एक फूट त्यांचा नाही. येताना मी शाळेत शिरलो. हेडमास्तरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, आणि विचारलं, "म्हणजे मुलांना काय सांगू? रस्त्यावरून जा म्हणून?"

"फूटपाथवरून जाऊ नका, एवढंच सांगा."

"तेच झालं की ते. तुम्ही मला तसं लेखी द्या. मुलं रस्त्यावरून पाठवावीत, खाली तुमची सही."

मला त्यांचा रोख कळायला हवा होता. पण अपमान झालेला माणूस रोख पाहत नाही, सूर पाहतो. त्यांचा सूर मला उद्धट वाटला आणि मी निघून आलो.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बुवा आले. मला ते माझ्या लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे सगळं बोईसर ज्याला चिंतोपंत म्हणतं त्याला त्यांनी स्टेशनवरच चारचौघांत "अरे चिंतू, पोट सुटलं की रे" म्हणून मिठी मारली. माझे डोळे भरून आले. त्या माणसाच्या आवाजावर मी वाढलो. त्यांनी पूर्वरंगाला नुसती वीणा छेडली तरी माझा रुमाल बाहेर येतो, आणि आख्यानात कोणाला दुःख झालं की मी शेजाऱ्याचं उपरणं डोळ्याला लावतो. जमना म्हणते, कीर्तनाला जाताना तुम्ही दोन रुमाल न्या आणि अक्कल घरी ठेवा.

पहिल्या सकाळी मी बुवांच्या पुढे छत्री आडवी धरून चाललो आणि दर वीस पावलांनी मागे पाहत राहिलो. पाडव्याची सुट्टी असूनही पाटीपूजनाला शाळेत निघालेल्या सायकली मागून आल्या तेव्हा मी वळून दोन्ही हात पसरले. पोरं थांबली, बुवा मंदिरात पोचले, आणि अकराच्या अकरा जणांना शाळेत उशीर झाला. दुसऱ्या सकाळी सातपाटीची कोळीण जिवणी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन समोरून आली. मी मागच्या सायकलींना थोपवायला वळलो, माझी छत्री तिच्या पाटीला लागली, आणि बुवांच्या अनवाणी पायांपुढे बोंबिलांचा सडा पडला.

"ओ दादा, छत्री कोनाला दाखवता? पाऊस हाय का कुठं?" जिवणी म्हणाली.

"बाई, बुवा आहेत मागे. जरा बाजूने..."

"बुवांना मी बघते. तुमालाच कोन बघत नाय."

बुवा एका पायावर उभे, दुसरा पाय ठेवायला जागा नाही, खुब्यावर सगळा भार. शेवटी जिवणीनेच त्यांचा हात धरून त्यांना पलीकडे नेलं आणि मी माळकरी माणूस वाकून बोंबील गोळा करत राहिलो. बुवा आल्यापासून खंडेराव सकाळीही खुर्ची टाकत, ते तिथूनच पाहत होते. "एक राहिला चिंतोपंत, फरशीच्या फटीत," असं म्हणून त्यांनी मदत केली.

त्या दुपारी मी निश्चय केला. मांडववाल्याकडून दोन बांबू आणले, नाक्यापाशी फूटपाथच्या तोंडाला ते आडवे बांधले, माणूस कडेने निघेल एवढी फट ठेवली, आणि पुठ्ठ्यावर लिहून टांगलं: "हरिभक्तपरायण बुवांच्या जाण्यायेण्याचा मार्ग. सायकलींस सक्त बंदी." खाली लिहिलं, "हुकमावरून." कोणाच्या हुकमावरून ते लिहिलं नाही. तसं न लिहिलं की हुकूम जास्त मोठा वाटतो हे मी नोकरीत शिकलो होतो.

तिसरी सकाळ. माझ्या आयुष्यात इतका शांत फूटपाथ मी पाहिला नव्हता. मिरच्या नाहीत, शेळ्या नाहीत, सायकली नाहीत. बुवा काठी टेकत, नामस्मरण करत चालले होते आणि मी त्यांच्या बाजूने मान ताठ करून चाललो होतो. मनात म्हटलं, पालघरच्या कचेरीने हे पाहायला हवं होतं.

मग बुवा थांबले.

"चिंतू, त्या घंट्या कसल्या?"

"सायकलींच्या, बुवा. मुलं शाळेत जातात."

"कुठून जातात?"

"रस्त्याने. रस्ता त्यासाठीच असतो."

स्टेशनकडून सिमेंटचे ट्रक येत होते. रोज सकाळी साडेसहापासून एकामागून एक आठ ट्रक सुटायचे, ते साइटवर सातची पाळी लागायच्या आत पोचायला हवेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर भरधाव. समोरून ट्रक, आणि त्यांच्या अंगावर जाणाऱ्या अकरा सायकली, दांड्याखालून पाय घातलेल्या, हेलकावे खाणाऱ्या. पहिला ट्रक गेला आणि धुरळ्यात मला काही दिसेना. दुसऱ्याचा हॉर्न वाजला, तो वाजतच राहिला. मग ब्रेकचा आवाज, लांबलचक, आणि त्यानंतर काहीच नाही.

धुरळा खाली बसेपर्यंत किती वेळ गेला कोण जाणे. बुवांनी माझं मनगट धरलं होतं. त्यांना दिसत नव्हतं, मला पाहायचं नव्हतं.

बन्सी रस्त्याच्या कडेला पडला होता, अंगावर सायकल. तानी ट्रकच्या चाकासमोर बसली होती. चाक आणि ती यांच्यामध्ये तिचं दप्तर होतं, एवढंच. ती रडत नव्हती. ती बसली होती आणि चाकाकडे पाहत होती.

मी धावलो. तिला उचललं. तिला काहीही लागलं नव्हतं. हे मी तिथे चार वेळा बघितलं. बन्सीचा गुडघा फुटला होता. ट्रकचा सरदारजी ड्रायव्हर खाली उतरला.

"ये बच्चे रोज तो ऊपर से जाते हैं," तो म्हणाला. "आज नीचे कौन लाया इनको?"

बन्सीने गुडघ्यावरची माती पुसली आणि म्हणाला, "काकांनी बांबू लावले."

सरदारजीने माझ्याकडे पाहिलं. तो मला ओळखत होता, सगळे ड्रायव्हर ओळखतात. त्याने खिशातून चलन काढून माझ्यापुढे धरलं. चलनाशिवाय गोदामाच्या फाटकातून गाडी सुटत नाही. "बाबूजी, पौने सात बजे छोड़ा है मेरे को. देख लो, दस्तखत आपका है."

माझाच होता. रजेवर जाताना मी पंधरा दिवसांच्या चलनांवर आगाऊ सह्या करून ठेवल्या होत्या, म्हणजे माझ्यावाचून कोणाचं अडू नये. आकडा आणि वेळ तेवढी आमचा मुकादम सुका घालायचा.

मागे वळलो तर बुवा एकटेच, काठीने चाचपडत मंदिराकडे निघाले होते. त्यांना सोबत करायला मी गेलो तेव्हा त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला नाही.

मी परत जाऊन बांबू सोडले. पण चंद्रभान रात्रपाळीच्या डोळ्यांनी तसाच धावत आला होता आणि तानीला कडेवर घेऊन उभा होता. "आवो, तुमी मोठी माणसं," तो मला म्हणाला, आणि तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "पोरं आमची आडाणी राहू नयेत म्हणून ह्या उन्हात इथं आलो. तुमाला आडचण होत असंल तर सांगा, सायकल देत नाही उद्यापासून. घरी बसवतो दोघांना." आणि रत्नाबाईने, त्याच्या बायकोने, बन्सीच्या हातातून सायकल काढून घेतली.

त्या दिवशी पाच वाजताच्या कीर्तनाला सगळं बोईसर लोटलं होतं. मी झांज घेऊन बुवांच्या मागे उभा. झांजवाल्याला एक नियम असतो: बुवांनी ध्रुपद सांगितलं की ते त्याने उचलायचं, आणि बुवा पुरे म्हणेपर्यंत सोडायचं नाही. आरती होईस्तोवर जागा सोडायची नाही. हे मी लहानपणापासून पाळत आलोय.

उत्तररंगाला बुवा म्हणाले, "आजचं आख्यान कुठल्या पोथीत सापडायचं नाही. एक राजा होता. मोठा भाविक. त्याच्या गुरूंचे पाय नाजूक. म्हणून राजाने नदीच्या वाटेवर मऊ वाळू घातली आणि त्या वाटेवर वासरांना बंदी केली. राजा भाविक हो, वाईट नव्हे. त्याला वाटलं, गुरूंच्या पायाला खूर लागू नये." आणि त्यांनी ध्रुपद दिलं: "वाट ही कोणाची, तहानेल्या जिवाची."

मी उचललं. चाल अशी लागली की अंगावर काटा आला. राजाची वासरं पाण्यावाचून कशी राहणार? ती डोहाच्या बाजूने गेली. डोहात सुसर. एक तान्हं वासरू कडेला, पाय घसरतोय, गाय पलीकडून हंबरतेय. बुवांनी हंबरडा असा काढला की बायका पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मी तर कधीचा रडत होतो. त्या राजाचा मला इतका संताप आला होता की झांज जवळजवळ फुटली. वाळू घालणारा, बंदी करणारा, स्वतःला भक्त म्हणवणारा तो नालायक माणूस माझ्या हाती लागला असता तर...

खंडेराव पुढच्या रांगेत बसले होते. ते मान वर करून हळूच म्हणाले, "चिंतोपंत, बांबू राहिला हो आख्यानात. बाकी सगळं आलं."

मी सभेकडे पाहिलं. सगळं गाव बुवांकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होतं. सगळ्यांना पहिल्या वाक्याला कळलं होतं. मलाच कळायचं राहिलं होतं.

बुवा पुरे म्हणेनात. जागा सोडता येत नव्हती. मी तसाच उभा राहून, रडत, झांज वाजवत, पंचवीस वेळा म्हणालो, "वाट ही कोणाची, तहानेल्या जिवाची." शेवटच्या दहा वेळा सगळी सभा माझ्यासोबत म्हणत होती.

आरती झाल्यावर मी बुवांच्या पायांवर पडलो. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, "उद्यापासून मी रस्त्याने जाणार. फूटपाथ मुलांना दे."

"बुवा, ट्रक आहेत. तुमचा खुबा..."

"मुलांना काय लोखंडाचे खुबे आहेत?"

बुवांनी एकदा ठरवलं की रामसुद्धा त्यांना वळवत नाही. मी त्याच संध्याकाळी चाळीत गेलो. चंद्रभानच्या दारात उभा राहून हात जोडले. म्हटलं, पोरांना उद्या शाळेत धाडा, रस्त्यावर गाडी येणार नाही. तो म्हणाला, "गाड्या कशा थांबतील?" मला तरी कुठे माहीत होतं. मी म्हटलं, "माझ्यावर सोडा." रत्नाबाई आतून म्हणाली, "त्यांच्यावर सोडलं म्हणून तर झालं हे." पण तानी मागे उभी राहून पाटी पुसत होती, आणि त्याकडे पाहून चंद्रभानने मान डोलावली.

चौथ्या दिवशी सहाला मी आंघोळ करून सोवळ्यातच निघालो. बुवांना जमनाच्या स्वाधीन केलं. ती म्हणाली, "तुम्ही जा. मी आहे तर बुवांना काही होत नाही." मी धावत गोदाम गाठलं. आठ ट्रक भरून उभे होते आणि सुका चलनांवर वेळ घालत होता.

"सुका, वही दे."

"भाऊ, तुमी रजेवर हाय ना? आनि सोवळ्यात?"

"वही दे. आज मोजून सोडायच्या."

चलनाच्या पाठीमागे बारीक अक्षरात एक नियम छापलेला आहे: माल प्रत्यक्ष मोजून सही करावी. तो मी आठ वर्षांत एकदाच वाचला होता, नोकरीच्या पहिल्या दिवशी. पुढे दीडशे गोणी लिहायचं आणि सही ठोकायची, हाच नियम झाला होता. मी धोतर खोचलं आणि पहिल्या ट्रकवर चढलो.

"एक. दोन. तीन."

सरदारजीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, माझ्याकडे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं. मागच्यांना तो प्रकार माहीत नव्हता. त्यांनी हॉर्न सुरू केले. सात हॉर्न एकदम. मी आवाज चढवला. कीर्तनाला झील धरणाऱ्या गळ्याचा तिथे उपयोग झाला. ट्रकच्या टपावरून सगळा रस्ता दिसत होता. नाक्यापाशी काही हलत नव्हतं. पावणेसात झाले. पोरं निघालीच नाहीत तर? त्रेपन्न, चोपन्न.

मग जीपमधून आमचे साहेब आले.

"ए चिंतोपंत, खाली उतर. तू रजेवर आहेस. साइटवर पाळी खोळंबलीय. कोणी सांगितलं मोजायला?"

"नियम आहे साहेब. एकसष्ट."

"आजवर मोजत होतास का?"

"नाही साहेब. चूक झाली. बासष्ट."

"मी सांगतो, मोजू नको. गाड्या सोड."

नोकरी जाते म्हणजे काय हे चार पोरांच्या बापाला सांगावं लागत नाही. पण नाक्यापाशी आता एक पांढरा ठिपका रस्त्याच्या मधोमध दिसायला लागला होता, बुवांचा अंगरखा, शेजारी जमनाचं हिरवं लुगडं, आणि त्यांच्या बाजूने फूटपाथवर चमकणारी चाकं, एक, दोन, चार. मी मोजणी चुकलो. पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागली.

"साहेब," मी वरून म्हणालो, "मोजू नको असं लेखी द्या. मी लगेच उतरतो."

साहेबांनी खिशाला हात लावला, पेन काढलं, आणि तसंच धरून उभे राहिले. असं कागदावर कोणी देत नाही, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. सात वाजायला पाच मिनिटं असताना पहिली सायकल शाळेच्या फाटकात शिरली. मग बाकीच्या. शेवटी बन्सी, गुडघ्याला फडकं बांधलेला, चालत, आणि सायकलच्या सीटवर बसवलेली तानी. मंदिराची घंटा वाजली. बुवा पोचले.

"एकशे सेहेचाळीस," मी म्हणालो. "साहेब, चार कमी आहेत."

हे मी मुद्दाम केलं नव्हतं. मला फक्त वेळ काढायचा होता. पण साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी दुसरा ट्रक मोजायला लावला. त्यात एकशे सत्तेचाळीस निघाल्या. तिसरा ते स्वतः चढले. त्या सकाळी शेवटची गाडी पावणेदहाला सुटली.

दुपारी मला एकाच लिफाफ्यात दोन कागद मिळाले. पहिल्यात विचारलं होतं की रजेवर असताना कामात व्यत्यय आणल्याबद्दल कारवाई का करू नये. दुसऱ्यात हुकूम होता की इथून पुढे प्रत्येक गाडीतल्या गोणी मुकादमाने एकेक मोजल्याशिवाय, आणि सात वाजण्याआधी, फाटक उघडू नये. पहिल्याचं उत्तर मी अजून देतोय. महिन्याला एक स्मरणपत्र येतं, मी महिन्याला एक खुलासा पाठवतो. आमचा तो पत्रव्यवहार चांगला चाललाय.

पाचव्या दिवसापासून बुवा फूटपाथवर परतले, कारण रस्त्यावर आता भीतीच नव्हती आणि त्यांना पोरांच्या बडबडीची सवय झाली होती. सायकली त्यांच्या मागे ओळीने, हळूहळू, पायी ढकलत यायच्या. नवमीला दुपारी बाराच्या जन्माचं कीर्तन बुवांनी उभं राहून केलं, सलग अडीच तास. मी पाळण्याची दोरी धरून मनसोक्त रडलो, आणि या वेळी कशासाठी रडतोय ते मला ठाऊक होतं.

दशमीला बुवांना साडेसातची गाडी पकडायची होती. नेम सुटला होता, पण टांगा काही येईना. एवढ्यात सायकली आल्या. बन्सी म्हणाला, "बुवा, बसा मागं. तानी चालंल." मी नको म्हणेपर्यंत बुवा कॅरियरवर बसलेसुद्धा, दोन्ही पाय एका बाजूला, वीणा मांडीवर. बन्सी हँडल धरून ढकलतोय, मी मागून बुवांच्या पाठीला हात लावलेला, तानी बुवांची काठी घेऊन पुढे. वाटेत खंडेरावांची खुर्ची आडवी.

"चिंतोपंत," ते म्हणाले, "फूटपाथवर सायकल? आणि तुम्ही?"

"खुर्ची काढा हवालदारसाहेब. आमच्या शाळेला उशीर होतोय."

त्यांनी खुर्ची उचलली आणि कुठे जावं हे न कळून सरळ रस्त्याच्या मध्ये जाऊन उभे राहिले. मी रस्त्याकडे पाहिलं. रस्ता स्टेशनपर्यंत रिकामा होता. गोदामाच्या बाजूने सुकाचा आवाज येत होता, सावकाश, एकेक आकडा ओढत.

"सदुसष्ट. अडुसष्ट. एकोणसत्तर."

सूर जरा कच्चा होता, पण बुवांनी कॅरियरवर बसल्या बसल्या त्यावर वीणा लावून घेतली.